झोळीखाली टांगायची रजई

गिर्यारोहक महाशय,

हॉलच्या खिडक्या लावून, झाडांना बांधून झोपायच्या त्या झोळीत एक डुलकी काढलीस आणि डोंगरावर नुसती स्लीपिंग बॅग पुरेल, असं ठरवून मोकळा झालास. धन्य आहे! अंगाखाली दबलेली बॅग चपटी होते, तिच्यात ऊब राहत नाही, आणि झोळीला गार वारा खालूनच लागतो. दुकानदाराने सांगितलं, मीही सांगितलं. पण बायकोचं ऐकलं की तुझं नाक कापलं जातं ना!

आपल्या दोघांच्या रजईला चारही कोपऱ्यांवर नाड्या शिवल्यात. ती झोळीच्या खाली, बाहेरून टांग. गाठी तरी नीट मार.

मी ताईकडे राहायला चाललेय. रजई परत आणू नकोस. एकटीला चादर पुरते.