परीक्षक क्रमांक दोन

४ जानेवारी, निपाणी

कॉलेजच्या उत्तरपत्रिकांतून सुटते तोच तपासायला एक शोधनिबंध आला. लेखकाचे नाव माझ्यापासून झाकलेले, माझे त्याच्यापासून. विषय माझाच — उत्तेजित अणुगर्भ. ऊर्जा दिली की त्याच्या वरच्या पातळ्यांत इतकी दाटी होते की एकेक मोजणे अशक्य; बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांवरून घनता काढायची. घनतेच्या आलेखाचा आकार मिळतो, चढ मिळत नाही. तो न्यूट्रॉनच्या प्रयोगावरून ठरवावा लागतो. या महाशयांनी नुसत्या गणिताने ठरवला आहे!

५ जानेवारी

न्यूट्रॉनचा प्रयोग करून जोडा, अशी मागणी करून निबंध परत पाठवला. शेवटचे वाक्य पुन्हा पुन्हा घासले : ‘लेखक कल्पक आहे, शिस्तीशी त्याचा परिचय व्हायचा आहे.’ उत्तम वाक्य.

२७ जानेवारी

बायाक्का आत्याने हिंडलग्याचे स्थळ आणले. "तुज्यागतच अणूत हाय पोरगं. लई शिकलंय. बगून तर घे." मी नकार कळवला. कुणीही ऐकला नाही.

१ फेब्रुवारी

हिंडलग्याचा मुलगा, दीपंकर, आला. सोबत बेळगावचा कुंदा — साखर जास्त. शर्टाची इस्त्री मात्र निर्दोष.

वडीलधारे मुद्दाम बाहेर गेले. काम कसे चालले आहे, असे मी विचारले. म्हणाला, कायम नोकरी एका शोधनिबंधावर अडली आहे आणि तो परीक्षक क्रमांक दोनने अडवला आहे. मग त्याचे शेवटचे वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवले. माझे वाक्य! स्वल्पविरामाच्या जागी नेमका थांबला.

"वाक्य झकास आहे. पण न्यूट्रॉन मारायचा कशावर? ज्याच्यावर मारायचा तो अणुगर्भ काही मिनिटांत विरतो. हा प्रयोग जगात कुणालाच करता येणार नाही."

मी पाणी प्यायले. खरे होते. हे मला, मला सुचले नव्हते!

"म्हातारा असणार," तो म्हणाला. "दात पडलेला, खवट."

"तरुणही असू शकेल," मी म्हणाले. आवाज चढला असावा. दाराआडून आत्या : "आत्तापास्नंच भांडाय लागलीत व्हय गं?"

२ फेब्रुवारी

दीपंकरचे उत्तर संपादकांमार्फत माझ्याकडेच आले. सभ्य आहे. एका जागी आलेखाची अक्षरे लहान आहेत.

कुंदा संपला.

३ फेब्रुवारी

संपादकांना कळवले : माझी मागणी चूक होती, ती मागे घेते. पुढची तपासणी दुसऱ्याकडे द्यावी. कारण विचारले होते. पर्याय तीन — सहकारी, प्रतिस्पर्धी, नातलग.

तिसऱ्यावर खूण केली. आता आत्याला आणि दीपंकरला सांगायचे राहिले.