वगळलेले थांबे

ता. ४ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि. (कंबर धरली आहे, उभ्यानेच घालतोय, गोड मानून घे.)

कागदावर लिहितोय, कारण मेलचा पासवर्ड तू पुन्हा विसरली असशील. तुमच्या शहरातल्या बसचा मी काढलेला नवा नकाशा एकदाचा वेबसाइटवर चढला. जुना म्हणजे मांजराने खेळवलेली लोकर होती. मी सगळ्या रेषा सरळ केल्या, वळणं एकाच कोनात आणली. मोबाइलवर फार गर्दी दिसत होती, म्हणून बारीकसारीक थांबे वगळले. बस तिथे थांबेलच, फक्त चित्रात दिसणार नाही, असं बसखात्याच्या साहेबांनी सांगितलंय. आमचा मालक नकाशा स्पर्धेला पाठवणार आहे.

सगळे खूश, मला मात्र चैन नाही. काहीतरी राहिलंय असं वाटतं, की उठून पुन्हा रेषा तपासतो. परवा टॉवेलसुद्धा एका कोनात वाळत घातले, तेव्हापासून बायको जपून बोलते.

आईच्या डोळ्याचं इंजेक्शन कधी आहे? तिला नमस्कार.
लोभ आहेच, तेवढा कमी करू नकोस.
तुझा गुंड्या


ता. १७ मार्च

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे परत घ्यावेत असं वाटतंय.

तुझा नकाशा पाहिला. देखणा आहे हो, दृष्ट काढावी असा! त्यात आमचा थांबा शोधता शोधता माझेच डोळे दुखले. परवा इंजेक्शनसाठी आईला घेऊन थांब्यावर उभी होते. एक बस गेली, दुसरी गेली. हात दाखवून माझा खांदा आखडला. तिसरी सिग्नलला अडकली तेव्हा ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, त्याच्या समोरच्या स्क्रीनवर आता हाच नवा नकाशा असतो, त्यात हा थांबाच नाही, आणि नसलेल्या ठिकाणी बस थांबवली तर साहेब त्यालाच घरी थांबवतील.

पुढचा थांबा चढावर. आईचे गुडघे तुला माहीत आहेत, आणि टॅक्सीत बसली की ती ओकते. इंजेक्शन चुकलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा चुकलं तर उजव्या डोळ्याची खात्री देणार नाही.

आई तुझ्यावर रागावलेली नाही. तिचं म्हणणं, पोरगं कामात असेल. मी मात्र रागावले आहे, आणि कामात मीही असते.
माया शिल्लक आहे, जपून वापर.
ताई


ता. २२ मार्च

ती. ताईस,
नमस्कार, या खेपेला वाकून.

बसखात्याच्या यादीत थांब्यांना नुसते क्रमांक होते. एक क्रमांक माझ्या सुंदर वळणात आडवा येत होता. तो मी स्वतः पुसला आणि वर समाधानाने चहा प्यायलो. आपल्या दारातला थांबा मला ओळखता आला नाही, ताई.

बसखात्याची मुख्य कचेरी इथेच आहे, तिथे साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, त्या थांब्यावर हल्ली कुणी चढतच नाही, मग दाखवायचा कशाला? मी म्हटलं, नकाशात नाही म्हणून बस थांबत नाही, आणि बस थांबत नाही म्हणून कुणी चढत नाही. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, तेच तर, कुणी चढत नाही! मालकाने वेगळंच सुनावलं. एक ठिपका परत घेतला की बाकीचे रांग लावतील, आणि मग स्पर्धेत काय दाखवायचं, माझं तोंड?

आपल्यापुरता एक ठिपका गुपचूप घालता आला असता. हात तिथवर गेलाही होता. पण मग वगळलेल्या थांब्यांचाच एक वेगळा नकाशा काढून पाहिला. कुठे दवाखान्याचं मागचं दार, कुठे लहान मुलांची शाळा, कुठे वृद्धाश्रम. ज्यांना पुढच्या थांब्यापर्यंत चालवत नाही, नेमके त्यांचेच थांबे मी साफ केलेत. उद्या हा नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवणार. नाही ऐकलं, तर नोकरी सोडून तिकडे येतो आणि आईला पाठीवर घेऊन चढ चढतो. कंबरेचं तेव्हा बघू.

दोन दिवस जेवण जात नाही. पुढच्या इंजेक्शनची तारीख लगेच कळव.
रागासकट लोभ चालेल.
गुंड्या


ता. ९ एप्रिल

चि. गुंड्यास,
आशीर्वाद, परत घेतलेले धरून.

काल बस थांबली, म्हणजे तुझा तो दुसरा नकाशा साहेबांना पटला म्हणायचा. इंजेक्शन वेळेवर झालं. उजव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात कळेल. तोवर आम्ही दोघी एकमेकींना धीर देतो आणि एकमेकींवर खेकसतो. मालकाने नकाशा स्पर्धेतून काढल्याचं तुझ्या बायकोने कळवलं. वाईट वाटलं, पण फार नाही.

नवा नकाशा बसमध्ये मोठा करून लावलाय. काय ती ठिपक्यांची गर्दी, जशी कांजिण्यांची साथ! ड्रायव्हर तर सारखा कुरकुरत होता, की आधीचा किती सुरेख होता, कुणा अवलक्षण्याने बिघडवला कोण जाणे. मी खिडकीबाहेर बघत होते. आईने मात्र पुढच्या दांडीला धरून मान ताठ केली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की माझ्या मुलाने.

जेवत जा. माया आता हवी तशी खर्च कर.
ताई