दुपट्यावरची काजळी

प्रिय मोनिका,

विसरभोळ्या माणसांची शर्यत लावली तर तुझ्यापुढं कोणी टिकायचं न्हाई. संक्रांतीला आलीस आणि जाताना आपल्या गुलाबी चपला इथंच टाकून माझ्या घालून गेलीस. आता तुझ्या चपला घालून मी म्हशीला पाणी दाखवते, आणि म्हस माझ्या पायांकडं बघत उभी राहती. पोटुशी बाई विसरतीच, असं तुझी आई म्हणती. पण दप्तर घरी ठेवून शाळेत जायचीस, तेव्हा कुठं पोटुशी होतीस? पत्र बघून दचकू नकोस, तुझी आजी ठणठणीत आहे. फोनवर तू मला पुरतं बोलू देत न्हाईस, मधीच सुरू होतीस. कागद मधी तोंड घालत न्हाई. मी सांगते आणि आपल्या अंगणवाडीची वृषाली लिहिती. माझं बोलणं शहाणं करू नको म्हणून तिला बजावलंय, तरी ती मधून मधून करतीच. ते तुला कळंल.

तू स्लॅबवर ठेवून गेलीस त्या रुंद तोंडाच्या बरणीवरून घरात रणकंदन झालंय, ते आधी ऐक. माळावरच्या गुळाच्या कारखान्याचा धूर वर गेला म्हणजे गेला असं न्हाई, हे तू मला बरणी ठेवताना समजावलं होतंस. जड काजळी जवळच पडती. बारीक कण दिवसा उन्हाच्या तापानं वर तरंगत राहतात आणि रात्री वारा पडला, गारवा आला, की हळूच खाली उतरून पानावर, धुण्यावर, दहिवरात बसतात. उरलंसुरलं पाऊस धुऊन जमिनीत नेतो. हे सगळं मोजायचं म्हणून बरणीत थोडं पाणी घातलंस, पडलेलं परत उडू नये म्हणून. महिनाभर कोणी हात लावायचा न्हाई, असा हुकूमही सोडलास. म्या मान डोलावली. पण हुकूम अयोध्याला सांगायचा राहिला ना!

माझी ही धाकटी जाऊ कशी आहे ते तुला ठाऊकच आहे. पाण्याचं भांडं रातभर उघडं बघून तिला झोप येईना. पाल पडली तर, उंदीर पडला तर, आणि घराला नावं कोण ठेवून घेणार? तू गाडीत बसलीस त्याच संध्याकाळी तिनं बरणीच्या तोंडाला धुतलेलं फडकं चापूनचोपून बांधलं. माझे गुडघे तेव्हा लई दुखत होते, मी काही वर चढले न्हाई. खालून विचारलं, बरणी जागेवर आहे का? आहे, एवढं ऐकून मी निवांत. महिना सरल्यावर तिनं फडकं सोडलं, बरणीला झाकण लावलं आणि पुण्याच्या गाडीवाल्याकडं दिली. तुझा निरोप आला, आपल्या स्लॅबवर काहीच पडत न्हाई. मला वाटलं, बाळाच्या वजनानं पोरीचं डोकं हलकं झालं. मग फडक्याचं कळलं. बरं, फडकं तरी ठेवावं, त्याच्यावर महिन्याची काजळी होती! तर ते तिनं नीळ घालून धुतलं. मी बोलायला लागले तर वर मलाच म्हणती, एवढं निर्मळ पाणी राखलं तरी शिव्या खायच्या का!

हसतीयेस ना? हास. पण तोवर तुझा तो आकडा ग्रामपंचायतीच्या धुराच्या तक्रारअर्जाला जोडून गेला होता. तपासायला एक साहेब आले. ओसरीवर बसून कागद बघितला आणि सांगितलं, हवा चांगली आहे. म्या चहा दिला. कपात वरून काजळीचं एक फूल येऊन पडलं. साहेबांनी ते बोटानं काढलं, पँटीला पुसलं, चहा प्याले आणि गेले. आता अशा माणसाला काय दाखवायचं? त्याच्या बोटावर होतं की!

तुझ्या बापाला, उत्तरेश्वरला म्हटलं, तू तरी साहेबापुढं चार शब्द बोलायचे होतेस. त्याच कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजतो, तो काय बोलणार? रोज दारातच सदरा झटकतो आणि घरात येऊन जेवतो, काजळीचं नावही काढत न्हाई. मी त्याच्यावर चिडते आणि मग माझीच चीड गिळते. त्याच पगारावर तू शिकलीस, आणि शिकलीस तर काय, तो धूर कुठं पडतो ते! आता कुणाशी भांडू, सांग. धुराशी भांडले असते, पण तो वर असतो तोवर हाती लागत न्हाई आणि खाली आला की धूर राहत न्हाई.

तुझं माझं संक्रांतीला कशावरून वाजलं होतं, आठवतंय? तेही विसरली असशील. बाळाला शेपा-ओव्याची धुरी द्यायची न्हाई, त्याच्या छातीला धूर सोसत न्हाई, असं तू म्हणालीस. मी दोन दिवस फुगून बसले. तुझ्या बापाला दिली, तुला दिली, कोण मेलं का, असं म्हणाले. आता कारखाना सगळ्या गावाला फुकट धुरी देतोय, शेपा-ओव्याशिवाय. वृषाली सांगती, अंगणवाडीतली निम्मी लेकरं खोकतात.

होळीनंतर कुरडया घातल्या. गहू तीन दिवस भिजवून चीक काढला, सोऱ्या दाबून दाबून तुझ्या आईचे हात भरून आले. दुपारपर्यंत त्या जाईच्या फुलांसारख्या होत्या. संध्याकाळी त्यांच्यावर तीळ सांडल्यासारखं झालं. पुसावं तर काळं पसरतं, फुंकावं तर ओल्यात रुतून बसलेलं. चिडून मी अख्ख्या पातळावरच्या कुरडया म्हशीपुढं टाकल्या. म्हशीनं हुंगलं आणि माझ्या चपलांकडं बघितलं.

आता खरं सांगते. बाळासाठी माझ्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली होती. तीनदा धुतली, तीनदा स्लॅबवर वाळत घातली, तीनदा ठिपके. चौथ्यांदा एक धुवायला घेतलं आणि हात थांबला. याच्यावर पडतं ते पाळण्यात पडणार न्हाई का? म्हणून हे पत्र. मोनिका, पाडव्याला येऊ नकोस. बाळंतपण तिकडंच कर. तुझी आई येईल, मी सांगितलंय तिला. बाळाला पहिलं न्हाऊ माझ्या पायांवर घालायचं, हे मी तू सासरी गेलीस त्या दिवसापासून मनात धरून आहे. ते राहू दे. माझे पाय कुठं पळून जात न्हाईत. एक दुपटं मुद्दाम न धुता, घडी करून पिशवीत बांधून आईबरोबर देते. बाळाला लावू नकोस, तुझ्या त्या मोजायच्या यंत्राला दाखव आणि नवा आकडा काढून पंचायतीला धाड. अयोध्याला त्याच्या आसपास फिरकू दिलेलं न्हाई. बापाची काळजी तू करू नकोस, त्याच्याकडं मी बघते. आईबरोबर आपला बन्सी गहूही येतोय. तो भिजव, चीक काढ, सोऱ्या दाबायला नवऱ्याला बसव आणि काचेच्या खिडकीआड वाळवून मला डबाभर कुरडया पाठव. पांढऱ्या पाहिजेत. आणि डब्याला झाकण लावायला विसरू नकोस.

तुझीच, तुझ्या गुलाबी चपलांतली
आजी