कोमट

सोमवार, १२ मे

हिच्या खोलीत दुपारी तीनला एकतीस अंश! लेकीनं शाळेतून आल्या आल्या थर्मामीटर टांगून खात्री केली. म्हणजे आता वाद संपला. एसी चालू आहे आणि थंड करत नाही. नुसती कोमट हवा फेकतोय.

टॅबराव येऊन गेले. हा एसीच्या कंपनीचा मेकॅनिक. वय पस्तिशीचं, हातात पान्हा कमी आणि टॅबलेट जास्त, म्हणून हे नाव मीच ठेवलं. पंधरा दिवसांतली ही तिसरी फेरी आणि तिन्ही वेळा एकच औषध — "गॅस कमी आहे, काका." मी विचारलं, गळती कुठंय? "गळती काही सापडली नाही." मग गॅस जातो कुठे? फिरायला? टॅबलेटवर दोन बोटं आपटली, गॅस भरला, माझी सही घेतली, गेला.

बत्तीस वर्षं मी कोल्ड स्टोरेजची यंत्रं सांभाळली. तिथे मला 'हातमीटर' म्हणायचे. पाइपाला हात लावायचो आणि अंश सांगायचो. साहेब मागाहून थर्मामीटर लावून बघायचे आणि तोच आकडा लिहायचे. पण टॅबरावांच्या टॅबलेटमध्ये हाताचा रकानाच नाही!

हिच्या पाठीवर दोन लाल चट्टे. अर्धांग झाल्यापासून आठ महिने पडून आहे, वाचा गेलीय. डॉक्टरांनी फोटो बघून निकाल दिला — उष्म्याचे आहेत. खोली चोवीसच्या आत ठेवा. कातडी फुटली तर चिघळेल, मग दवाखान्यातच ठेवावं लागेल.

ही दवाखान्यात गेली तर परत येणार नाही. इथं लिहून टाकलं. लेकीपाशी बोलणार नाही.

मंगळवार, १३ मे

सकाळी हिचं अंग पुसलं. लेक साडेसहाला शाळेच्या उन्हाळी वर्गांना शिकवायला जाते, तेव्हा हे काम माझं. बादलीत कढत पाणी घ्यायचं, हातानं बघत बघत विसण घालायचं, कोमट झालं की पंचा बुडवायचा. आज पाठीला पंचा टेकताच हिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. घट्ट! तोच एक हात चालतो तिचा. उकाड्यानं कावलीय बिचारी. हे पाप टॅबरावांच्या माथी.

दुपारी त्यांना परत बोलावलं. आतलं यंत्र उघडायला लावलं आणि स्टुलावर मी स्वतः चढलो.

"काका, पडाल हं."

"तू टॅबलेट सांभाळ. पडला तर तुझं सगळं शिक्षण जाईल."

आधी फिल्टर. गॅसबरोबर येणारा कचरा अडवणारं, मध्ये फुगीर असं तांब्याचं नळकांडं. ते तुंबलं की एक टोक कोमट लागतं, दुसरं गार. मी चाचपलं. दोन्ही टोकं सारखी. म्हणजे फिल्टर साफ. टॅबराव खिशातून दोन वायरींचा थर्मामीटर काढत होते. "ठेव ते खेळणं," म्हटलं. ठेवलं मुकाट्यानं.

राहिला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. कॉइलमध्ये गॅस किती सोडायचा ते हा ठरवतो. आणि त्याला ते कळतं एका बोटाएवढ्या तांब्याच्या बल्बमुळं, जो परतीच्या पाइपाला बांधलेला असतो. बल्ब सोडवून मुठीत धरायचा. मुठीच्या उबेनं व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाच्या गेजचा काटा चढतो. नाही चढला तर व्हॉल्व्ह गेला. इतकं साधं! पण टॅबलेटमध्ये मूठ कुठून येणार?

टॅबरावांनी पट्टी सोडली. पत्र्यामागं हात जेमतेम शिरतो, डोळे शिरत नाहीत. मी चाचपून बल्ब मुठीत धरला. पाच मिनिटं. काटा ढिम्म!

"पण काका, मागच्या खेपेला मी धरला होता तेव्हा थोडा हलला होता."

"तुझा हात हलला असेल."

लेक हसली. टॅबरावांचे कान लाल. नवा व्हॉल्व्ह मागवला. पंधरा दिवस गॅस भरणाऱ्याला जे जमलं नाही ते मुठीनं पाच मिनिटांत केलं.

बुधवार, १४ मे

व्हॉल्व्ह शुक्रवारी येणार. टॅबराव फोनवर मला 'सर' म्हणाले. उशिरा का होईना!

लेक ओरडली, दुधाचं पातेलं सांडशीशिवाय उतरवलं म्हणून. "बाबा, भाजलं असतं ना!" हातमीटरला सांडशी!

हिच्या मांडीवर तिसरा चट्टा.

शुक्रवार, १६ मे

व्हॉल्व्ह बसला. काम तसं नेटकं केलं, एवढं म्हणायला हरकत नाही. मध्येच विचारतात, "यंत्र उघडलंच आहे तर फिल्टरही बदलून टाकू? आमचा नियम आहे."

"साफ आहे. हात लावून सांगितलंय ना? नियम कसले पाळतोस, डोकं वापर."

"बरं, सर."

तासाभरानं तीस. दोन तासांनी तीस!

नवा व्हॉल्व्हच सदोष निघाला, दुसरं काय. हल्ली कारखान्यात माल तपासणारेही टॅबरावच असणार.  "उद्या येतो," एवढंच म्हणाले आमचे टॅबराव. दारात बूट चढवताना माझ्याकडे बघत होते. कीव केल्यासारखं. मला!

शनिवार, १७ मे

सकाळी नऊला हजर. मला न विचारता थर्मामीटरच्या दोन वायरी फिल्टरच्या दोन टोकांना चिकटवल्या. एकीकडे अडतीस. दुसरीकडे सोळा.

"फिल्टरच तुंबलाय, सर. व्हॉल्व्हपर्यंत गॅस पोचतच नव्हता. हात लावून बघा, हातालाही कळतंय."

लावला. दोन्ही टोकं सारखी.

"हो," म्हणालो, "कळतंय."

फिल्टर बदलला. अर्ध्या तासात सव्वीस, जेवणं होईपर्यंत तेवीस. लेकीनं आईच्या अंगावर चादर घातली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

हत्यारं आवरताना टॅबराव हळूच म्हणाले, "सर, राग मानू नका. त्या दिवशी तुमच्या मुठीत बल्ब नव्हता. शेजारी गॅस भरायच्या पाइपाचं बंद टोक आहे, ते होतं. मला खालून दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बत्तीस वर्षं म्हणालात."

दिसत असून गप्प बसतो आणि वर स्वतःला मेकॅनिक म्हणवतो! याच्यापेक्षा टॅबलेट बरा, विचारलं तर उत्तर तरी देतो. जाताना तो थर्मामीटर टेबलावर ठेवून गेला. "राहू दे, काका. खोलीचं बघायला." परत काका. मी ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

पाइपाचं टोक गुळगुळीत नसतं, चेपलेलं असतं. बल्ब गुळगुळीत. हे काय सांगायला हवं?

सोमवार, १९ मे

शनिवार दुपारपासून खोली तेवीसवर. आज पाठ पुसताना हिनं पुन्हा मनगट धरलं. खांद्यावर नवा चट्टा, ताजा. तेवीस अंशांत उष्म्याचा चट्टा?

ड्रॉवरमधला थर्मामीटर काढला. वायर बादलीत सोडली. शेजारी माझा हात. हाताला कोमट.

चौपन्न.

ही सगळं बघत होती. मनगट सोडलं नाही.

लेक तीनला येईल, तिला हे दाखवायचं आहे. उद्या पहाटे विसण ती घालेल. अकराला डॉक्टर घरी येणार आहेत — आधी हिला बघतील, मग माझे हात.