खंडेनवमीला काय पुजायचं?

भा. व. ३, रवि.
अखेर अण्णांशी बोललो. मोटारींच्या कुजक्या पत्र्याचं काम करणार, बार्शीच्या शाळेतली मास्तरकी नको, असं एका दमात सांगून टाकलं. अण्णा महालयाचं जेवून आलेले, सुस्त होते. वेळ बरोबर साधली. रागावले नाहीत. म्हणाले, "आपल्या घरात पोथ्या पुजतात. तू काय पुजणार? खंडेनवमीला तुझ्या कामाचं हत्यार माझ्यापुढे मांड. हात जोडावेसे वाटले तर बघू. नाहीतर दसरा झाला की मुकाट्याने बार्शीला रुजू व्हायचं."
कबूल केलं. आता पंचाईत अशी की हत्यार कुठलं, हेच माझं ठरलेलं नाही.

भा. व. ५
गुंडाप्पाची सर्व्हिस मोटार शेडमध्ये आणली. सोलापूर-बार्शी फेऱ्या मारते. इंजिनाची बाजू कासिमची, पत्र्याची माझी, अशी आमची भागी. इंजिन गुणगुणतंय, पण अंग! मागच्या पायरीला बोट लावलं, बोट आत. गुंडाप्पा म्हणतो, "झ्याक हाय की गाडी. पाशिंजरला खालनं जरा वारं लागतंय, येवढंच."
आजवर रिबिटा मारून भागवलं. आता रिबिट धरायलाच पत्रा उरला नाही. वितळवून जोडल्याशिवाय गत्यंतर नाही.

भा. व. १०, रवि.
गिरणीच्या वर्कशॉपात विजेचं यंत्र बघितलं. ओळखीच्या फिटरने हातात दिलं. काय तो लखलखाट! जाड लोखंड असं जोडतं की बघत राहावं. मग मी बरोबर नेलेला गंजका तुकडा पुढे केला. टेकवलं मात्र, पत्रा गायब. दुसरीकडे टेकवलं, तिथलाही गायब. कासिम पोट धरून हसला. "भोकां बंद करने आये थे ना मियां, तुम तो खिडकी बना दिये."
शिवाय तेवढी वीज शेडमध्ये कुठून आणू? परत येताना दोघांनी भजी खाल्ली. नापास झाल्यावर भजी फार चांगली लागतात.

भा. व. १३
गॅस! स्टेशनाजवळ कंत्राटदाराचा माणूस काम करत होता, तासभर उभं राहून बघितलं, मग निर्लज्जपणे मागून घेतलं. ज्योत जवळ नेली की पत्रा लाल होतो, मग ओला दिसतो. घाबरलं की हात मागे घ्यायचा. पत्रा थांबतो, वाट बघतो. विजेच्या यंत्रात चूक झाल्यावरच कळतं. गॅस चुकायच्या आधी सवड देतो. माझ्यासारख्या नवशिक्याला हाच गुरू बरा.
ठरलं. घरी नाचतच आलो. यमूने दारातच अडवलं. "बघा हवं तितकं. पितृपक्ष संपेपर्यंत नवं लोखंड आणायचं नाही." बायको भटजीची सून शोभते खरी.

आ. शु. १, शनि.
घट बसले आणि मी पोस्टात पळालो. ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी मुंबईला तार. ज्योतीला त्याच्या जोडीला लागणारा दुसरा गॅस इथेच करायचा. कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडलं की झाला. वरातीच्या दिव्यांत असतो तोच.

आ. शु. ६
नळकांडं आलं. दिवसभर भंगार मडगार्डाचे तुकडे. जाळले, जाळले, आणि एक जुळला! वाकवला, तुटला नाही. ओरडलोच मी. यमूने काळा चष्मा लावून सांधा पाहिला. म्हणाली, माझ्या कानवल्याची मुरड याहून सरळ असते. असेल. पण तिचा कानवला पायरी म्हणून चालेल का?

आ. शु. ९, रवि.
काय लिहू.
शेडमध्ये पाटावर सगळं मांडलं. हातोडे, बर्नर, नळकांडं, कार्बाइडचा डबा. अण्णा सोवळं नेसून बसले. "झाकलेल्याची कसली पूजा? झाकणं काढा." काढली. पाणी पडलं की गॅस होतो, हे मला झोपेतही येईल. पण तीर्थ म्हणजे पाणी, हे त्या घटकेला डोक्यातच आलं नाही. अण्णांनी पळीभर तीर्थ डब्यावर सोडलं आणि निरांजन उचललं. फस्स आवाज, लसणासारखा उग्र वास. नैवेद्यात लसूण कुणी घातली, हे विचारायला त्यांनी यमूकडे मान वळवली, म्हणून तोंड वाचलं. भप्प! झेंडूचा हार जळाला, उपरण्याची कड गेली, एक भुवई गेली. कासिमने वाळूची पाटी ओतली.
अण्णा जळकं उपरणं खांद्यावर टाकून घरी गेले. संपलं. बार्शी.

आ. शु. १०, दसरा
सकाळी शेड झाडत होतो, सामान विकायच्याच विचारात. अण्णा आले. हातात आपट्याची पानं, कपाळाखाली एकच भुवई. म्हणाले, "पेटव." पेटवली. काळा चष्मा लावून ज्योतीकडे किती तरी वेळ बघत राहिले.
"वाशा, जन्मभर अग्नीला आवाहन करत आलो. काल पहिल्यांदाच तो 'आलो' म्हणून समोर उभा राहिला." सोनं नळकांड्यावर ठेवलं, हात जोडले. माझे डोळे भरून आले, माझ्याही डोळ्यांवर काळा चष्मा होता ते बरं झालं. मग म्हणाले, "हत्यार पुजलं. कारागीर अजून बघायचाय. गुंडाप्पाच्या गाडीने बार्शीला हेडमास्तरांकडे, तू रुजू होणार की नाही ते सांगायला, मीच जातो. तुझ्या पायरीवरून."
अण्णांचं वजन सोलापुरात प्रसिद्ध आहे. पितृपक्षाने त्यात भरच घातली.

आ. शु. १३
पायरी पुरी. दोनदा जळली, दोनदा कापून नवा तुकडा घातला. कासिम वर उड्या मारून बघतो. मी म्हटलं, तुझ्यासारखे दोघे हवेत, तेव्हा कुठे अण्णा होतील.

आ. शु. १४, शुक्र.
अण्णा बार्शीला निघाले. चढताना पायरीवर उगाच थांबून टोपी सारखी केली. मुद्दामच. पायरी हूं की चूं नाही. मला गुंडाप्पाला मिठी मारावीशी वाटली, मारलीच. खिडकीशी जाऊन विचारलं, तिकडे काय सांगणार? म्हणाले, "चढताना धरलं. मधे वैरागचा खड्ड्यांचा रस्ता आहे. उतरताना पायरी काय म्हणते ते ऐकीन, तेच हेडमास्तरांना सांगीन."
गाडी गेली. लोक हात हलवत होते, मी पायरीकडे बघत होतो.