धर्मीबाईंचं नाव

प्रिय नलूताई,

आज आपल्या वाचनालयातली कार्डांची कपाटं गेली. हमालांनी ती जिन्यावरून उतरवली, टेम्पोत टाकली आणि संपलं. घरी आल्यावर चहासुद्धा न करता तुम्हाला लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू? बाकीच्यांना जागा मोकळी झाल्याचाच आनंद आहे.

गेलं वर्षभर मी पुस्तकं संगणकावर चढवतेय. मान आखडते, डोळे चुरचुरतात. तुम्ही एकेका पुस्तकापायी अख्खी दुपार घालवायचात! प्रस्तावना वाचायची, मधली पानं चाळायची, मग कुठे कार्ड लिहायचं. आता पुस्तकाचं नाव टाकलं की दुसऱ्या कुठल्यातरी ग्रंथालयाने केलेली नोंद आयती उतरते. बहुतेकदा ती बरी असते, उगाच नावं ठेवत नाही. पण पुस्तक न उघडताच काम होतं, आणि संध्याकाळी आपण दिवसभर काय केलं तेच आठवत नाही.

गेल्या आठवड्यात शीळफाट्याहून प्रणिता म्हात्रे नावाची बाई आली. मुलीचं लग्न ठरलंय. प्रणिताची आजी धर्मीबाई त्या भागातली धवलारीण, लग्नघरी धवले गाणारी. तिची गाणी एका पुस्तिकेत छापली होती. घरची प्रत जुनं घर पाडताना हरवली, म्हणून ती आपल्याकडे विचारायला आली. मी संगणकात धर्मीबाईंचं नाव टाकलं. काही सापडलं नाही.

पण ती पुस्तिका मी कशी विसरेन? तिच्यापायी तुम्ही बोलणी खाल्ली होतीत. मुखपृष्ठावर नाव होतं गाणी उतरवून घेणाऱ्या प्राध्यापकांचं, आणि तुम्ही कार्डावर वर धर्मीबाईंना बसवलंत, सरांना खाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी नियम दाखवला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेब, सरांनी वही धरली होती. गळा बाईंचा होता." ते कार्ड बदलायला सांगून गेले आणि तुम्ही काही ते बदललं नाहीत. एवढा हट्ट कशाला, असं मला तेव्हा वाटायचं.

मी पुस्तिका शेल्फातून काढून दिली आणि पुस्तिकेच्या नावाने संगणकातली नोंद उघडली. प्रणिता उभ्या उभ्याच वाचायला लागली, एक ओळ तर गुणगुणलीसुद्धा. मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. आयत्या नोंदीत लेखक म्हणून फक्त सर, आणि विषय 'लोकसाहित्य'.

"मॅडम, गाणी आजीची ना? मग तिचं नाव कुठाय?"

तुम्ही हव्या होतात तेव्हा.

आणि गंमत बघा ताई, नव्या पद्धतीत गाणाऱ्याला वेगळी जागा आहे, संकलन करणाऱ्याला वेगळी. ज्यासाठी तुम्ही ऐकून घेतलंत, ते आता नियमातच बसतं! फक्त तो रकाना रिकामा सोडला तरी संगणक कुरकुरत नाही, म्हणून सगळे रिकामाच सोडतात. हे बघायला थांबायचं होतंत. इतकी कसली घाई होती? आणि मागे ठेवलंत कुणाला, तर मला, आधीच दमलेलीला.

मी प्रणिताला बसायला सांगितलं आणि तिच्यासमोरच गायिका म्हणून धर्मीबाईंचं नाव भरलं. विषयात 'धवले' घातलं. मग पुन्हा शोधलं, तर धर्मीबाई आल्या. "परत एकदा काढा ना," ती म्हणाली. मी परत काढून दाखवलं. तिने डोळे पुसले, मीही पुसले.

माझ्या निवृत्तीला आता थोडेच महिने राहिलेत. सगळी पुस्तकं माझ्याच्याने होणार नाहीत, खोटं कशाला सांगू? पण यापुढे पुस्तक उघडल्याशिवाय एकही नोंद पुरी करणार नाही, हा शब्द देते.

प्रणिता गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. नोंद कुणी केली, त्या रकान्यात आपोआप माझं नाव आलं होतं. ते काढून मी तुमचं घातलं. मी नुसती वही धरली होती, ताई.

तुमची,
सुनंदा