एकतीस खिळ्यांचं छप्पर

ता. ३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. अक्षर वाकडं वाटलं तर मान वाकडी करून वाच. चौथीत शाळा सुटली, आणि आता प्लॅस्टरातल्या पायावर पाट ठेवून लिहितेय.

तुझ्या आईने कळवलं असेलच, निम्मं रडून. तरी माझ्याकडून ऐक. मी छपरावरून पडले नाही. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरले. त्या पत्र्यांवर चाळीस वर्षं चढतेय, एकदाही पाय सरकला नाही.

तुझ्या बापाचं बोटीवरून पत्र आलंय. म्हणतो, एक साल असं गेलं नाही की घर गळलं नाही, घर म्हातारं झालंय. यंदा गळलं तर सुट्टीवर येऊन विकून टाकणार आणि आपल्याला कंपनीच्या दोन खोल्यांत नेणार, चौथ्या मजल्यावर. तुझ्या आजोबांनी आणि मी वासान् वासा खांद्यावरून आणून हे घर उभं केलं. तिथे चौथ्या मजल्यावर मी काय खिडकीतून कावळे मोजू?

दर वादळानंतर मी वर जाते, ताडपत्री पसरते, खिळे ठोकते, संपलं काम. यंदा कोण जाणार? तुझी आई दिवा बदलायला स्टुलावर चढते तर भिंतीला मिठी मारते.

तू नीट जेव. लोभ आहे तेवढा राहू दे, जास्तीचा झालाच तर पत्रात घालून धाड.

तुझी आजी

ता. ८ ऑक्टोबर

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

नर्सिंग शिकताना मला मिळालेल्या वॉर्डात पाय मोडलेल्या सात आज्या आहेत. सातही जणी सांगतात की आपण पडलो नाही, फरशीच वर आली. तू आठवी. प्लॅस्टरसकट शिडीकडे बघितलंस जरी, तरी मी शिकणं सोडून घरी येईन आणि तुला रोज थर्मामीटर लावीन.

घर विकायचं मलाही नको आहे. पण आईला इतकी कमी लेखू नकोस. तिच्या वडिलांचा मालट्रक होता. लग्नाआधी ती लादलेल्या मालावर बसून दोर आवळायची. तुला हे माहीत आहे का? नसणारच, कारण तू तिला कधी विचारलं नाहीस. स्टुलाची भीती म्हणशील, तर ते स्टूल डुगडुगतं. मलाही भीती वाटते.

वादळ आलंच तर आधी विजेचा मेन बंद करा.

तुझ्या रागासकट तुझी माया हवी असलेली,
भिंगरी

ता. १५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. मेन बंद करायचं मला शिकवू नकोस, तुझा बाप रांगत होता तेव्हापासून करतेय.

शनिवारी दुपारी वादळ आलं. शेजारच्या झाडाची फांदी आढ्यावरच कोसळली आणि वरचे दोन पत्रे उचकटले. घटकाभरात मागच्या खोलीचं प्लायचं छत मधोमध फुगून खाली लोंबायला लागलं. तुझी आई गाद्या ओढत होती. मी तिला सांगितलं, गाद्या मरू देत, आधी घंगाळ आण. मग खुर्चीवर बसूनच काठीला विणायची सुई बांधली आणि फुगा बरोबर मध्ये फोडला. पाण्याची धार सरळ घंगाळात. नाहीतर सबंध छत आमच्या डोक्यावर आलं असतं. एवढं काम माझं.

पुढचं लिहायला जड जातंय. वारा थांबेपर्यंत तुझ्या आईने दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. मला वाटलं, घाबरली. चारच्या सुमाराला वारा पडला तशी पदर खोचून उठली आणि शिडी लावली. मी अंगणात खुर्ची ओढून बसले आणि हातोडी, खिळे पुढे केले. तिने फक्त दोर घेतला. मी खिळे घे म्हणून ओरडले, ती हो हो म्हणत तशीच वर गेली. पत्र्यावर फळी टाकून पोटावर सरपटत आढ्यापर्यंत पोचली. ताडपत्री पलीकडच्या बाजूला टाकली, दोन्हीकडून दोर खाली घेतले आणि वळचणीच्या वाशांना ट्रकवाल्यांची गाठ मारून असे आवळले की ताडपत्रीवर सुरकुती दिसेना. एकही खिळा नाही.

खाली आली आणि जमिनीकडे बघत म्हणाली की आई, रागवू नका, वर गंजलेली एकतीस भोकं आहेत. फांदीने यंदाचं पाणी आणलं, पण दर वर्षीचं पाणी त्या भोकांतून येतं. तुमच्या खिळ्यांच्या.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तीही डांबर आणून एकेक भोक बुजवत बसली.

तुझा बाप अठ्ठावीसला येतोय. घर गळलंच आहे, त्याला विकायला निमित्त मिळालं.

सध्या लोभ करावासा वाटत नाहीये, पण तू चालू ठेव.

आजी

ता. २० ऑक्टोबर

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

आता खरं सांगते, रागव. तुझ्या खिळ्यांचं आई मला मी सातवीत असताना म्हणाली होती. मी म्हटलं, आजीला सांग की. तर म्हणाली, त्या छपरावर त्यांचा जीव आहे, त्यांना कोण सांगणार. म्हणून इतकी वर्षं तू ठोकत राहिलीस आणि ती खाली घंगाळं मांडत राहिली.

बाबांना वाटतंय की घर म्हातारं झालंय. ते खरं नाही, हे तुम्हा दोघींनाच माहीत आहे. आई त्यांना तुझं नाव सांगणार नाही, हे मी लिहून देते. म्हणजे सांगायचं की गप्प बसायचं, ते तुझ्यावर आहे.

सुईने छत फोडल्याचं मी वॉर्डात सगळ्यांना सांगितलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, या बाईला इथे घेऊन या.

माझ्यावर रुसलीस तरी पत्र थांबवू नकोस.

भिंगरी

ता. २ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. माझ्या पाठीमागे मायलेकींच्या गोष्टी सातवीपासून चालल्यात हे कळलं. तू घरी ये, मग बघते.

तुझा बाप आला. बूट न काढताच मागच्या खोलीतला डाग बघितला आणि म्हणाला, झालं, मी सांगितलंच होतं. घर बघायला माणूसही बोलावून ठेवला होता. तुझी आई चहाचे कप विसळत होती. एक शब्द बोलली नाही. तू म्हणाली होतीस तसंच.

मग मी बोलले नसते तर मला रात्री जेवण गेलं नसतं. त्याला समोर बसवलं आणि सांगितलं की घराला काही झालेलं नाही, घराला मी झाले. एकतीस भोकं मी पाडली, तुझ्या बायकोने बुजवली. दोन पत्रे बदलायचे, बाकी छप्पर तुझ्यापेक्षा धडधाकट आहे. मी चुकले असं त्याने माझ्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. तुझ्या आईच्या हातून कप निसटला. फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी घर बघायला आलेल्या माणसाला त्याने पाणी देऊन परत पाठवलं.

काल मिस्त्री पत्रे बदलायला आला. वर चढला आणि एकेक दोर ओढून बघितला. खाली येऊन विचारलं की हे दोर कुणी बांधलेत, माझ्या माणसांना दाखवायचेत. गल्लीतली चार माणसं उभी होती, तुझा बाप होता. तुझी आई आत पळायला निघाली. मी तिचा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हिने बांधलेत.

मिस्त्री म्हणाला, लेक का तुमची?

मी म्हटलं, नाही. सून आहे.

लेकीसारखी वगैरे काही जोडलं नाही. लेक असती तर माझंच ऐकून खिळे ठोकून आली असती.

लोभ वाढला असेल तर निम्मा तुझ्या आईला वेगळ्या पाकिटात धाड.

तुझी आजी